घरचा भाव

३ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढा, रक्तदाब आपोआप उतरेल. आमच्या यजमानांनी, विष्णुपंतांनी, त्याच संध्याकाळी ही वही आणून दिली. एरवी दुधाची पिशवी आणायला यांना तीनदा सांगावं लागतं.

तर लिहिते. जबलपूरच्या सदर बाजारात माझं दुकान आहे. मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह, खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्क. एकवीस वर्षं झाली. फ्लॉपीपासून सुरुवात केली, मग सीड्या आल्या नि गेल्या, मी आहे तिथेच आहे. लग्नाचे फोटोग्राफर कार्डं माझ्याकडून नेतात. बदली झाली की फौजी घरांतल्या बायका सगळे फोटो एका डिस्कवर भरून न्यायला माझ्याकडे येतात. सगळं सुरळीत चाललं होतं. चार महिन्यांपूर्वी बरोबर समोर ‘अनुपम डिजिटल’ उघडलं आणि मग मला रक्तदाब असल्याचं कळलं.

अनुपम तिशीचा असेल. केस खांद्यापर्यंत. मी त्याला झिपऱ्या म्हणते. त्याचा भाव रोज माझ्यापेक्षा पाच-दहा रुपयांनी कमी असतो. आज फोटोग्राफर गौरांगने, अकरा वर्षांपासूनच्या माझ्या गिऱ्हाइकाने, माझ्याकडे बघून हात जोडले आणि तो समोर गेला. हात तरी कशाला जोडायचे मग?

लिहून झालं. रक्तदाब होता तिथेच आहे.

९ जानेवारी

श्रीपाद आले होते. श्रीपाद म्हणजे नागपूरचे वितरक. कंपनीचा माल आमच्या भागात तेच पुरवतात. चौदा वर्षांचा व्यवहार आहे. दर महिन्याला गाडीत माल घालून स्वतः येतात आणि तिलवाऱ्याचा पूल आला की फोन करतात, “वहिनी, नर्मदा ओलांडली, कुकर लावा.” जेवण आमच्याकडेच.

मला त्यांच्या येण्याचं अप्रूप असतं, हे कबूल करते. दुकानात दिवसभर ‘भैया, देखिए, दीदी, बताइए’ करून तोंड आंबून जातं. श्रीपाद आले की तासभर पोटभर मराठी बोलता येतं. कान दुखतो म्हणून माझा फोन कायम स्पीकरवर असतो, पण त्यांच्याशी बोलताना तीही चिंता नाही. भर बाजारात उभं राहून कुणाचीही उणीदुणी काढा, आजूबाजूला कुणाला ओ की ठो कळत नाही.

आज मात्र पुलापासून घरी यायला त्यांना अडीच तास लागले. पोळ्या दोनदा गरम केल्या. म्हणाले, सदरमध्ये फार गर्दी होती. आमचं घर सदरच्या अलीकडे आहे, पण असेल काही काम. भूकही बेताचीच होती बिचाऱ्यांना. प्रवासाने मरते भूक.

हात धुताना म्हणाले, “वहिनी, एक गोष्ट सांगून राहिलो, कानाआड नका करू. मार्चनंतर कंपनी जबलपुरात एकच अधिकृत दुकान ठेवणार आहे. बाकीच्यांचा माल बंद. जो जास्त माल उचलेल, त्याच्या दारावर बोर्ड.”

“आणि समोरचा?”

“तो दिल्लीहून कुठून तरी आणते. तुम्ही भाव पाडा, तो आपोआप बसते. तुम्हाला मी घरचा भाव देऊन राहिलो ना? मराठी माणूस म्हणून. फक्त कोणाला सांगू नका.”

बोर्ड नाही मिळाला तर काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. बिननावाची कार्डं मी कधी ठेवली नाहीत. फोटोग्राफर त्या नखाएवढ्या कार्डात दुसऱ्याच्या मुलीचं लग्न घेऊन येतो. ते उडालं तर पुन्हा थोडंच लागणार आहे? लोक माझ्याकडे याच खात्रीसाठी येतात. माल बंद म्हणजे दुकान बंद. आणि चौपन्नाव्या वर्षी घरी बसून विष्णुपंतांना चहा करून देत राहण्याचा माझा मुळीच विचार नाही.

१० जानेवारी

सकाळी सगळ्या कार्डांवर पंधरा रुपये उतरवले. दुपारी समोर वीस उतरले. हा माणूस माझ्या भिंतीला कान लावून बसतो काय?

१४ जानेवारी

संक्रांत. विष्णुपंत दरवर्षी आमच्या ओळीतल्या सगळ्या दुकानांत तिळगूळ वाटतात. मी बजावलं होतं, समोर जायचं नाही. ते गेले. मी दारातून मोठ्याने म्हटलं, “त्या झिपऱ्याला एकच वडी द्या, आणि मोडकी द्या.”

झिपऱ्या हसला. काही कळत नसताना हसणाऱ्या लोकांची मला चीड येते. वर तिळगूळ घेऊन त्याने विष्णुपंतांच्या पायाला हात लावला. गिऱ्हाईक ओढायला लोक काय काय शिकतात.

२७ जानेवारी

विष्णुपंत रांझीच्या फॅक्टरीत पस्तीस वर्षं तपासणी विभागात होते. निवृत्त झाले, पण तपासणी सुटली नाही. भाजीवाल्याच्या वजनापासून शेजारच्यांच्या कॅलेंडरपर्यंत सगळं तपासतात. आज फिरून आले आणि म्हणाले, “त्याच्या डब्यांवरचे लॉट नंबर पाहिले. तुझा डबा संपतो तिथून त्याचा सुरू होते.”

“म्हणजे?”

“म्हणजे एकाच खोक्यातून निघाले दोन्ही. फॅक्टरीत असतो तर मी लिहून दिलं असतं, पुरवठादार एक.”

मी म्हटलं, दिल्लीचा व्यापारी कंपनीचाच माल विकणार ना, नंबर लागूनच येणार. त्यांनी नंबर कागदावर उतरवून ठेवले. आजकाल संध्याकाळचा चहाही नको म्हणतात. फिरून आले की तोंडाला आल्याचा वास येतो. पोटासाठी आलं चघळत असतील.

८ फेब्रुवारी

गौरांगला परत आणला. लग्नसराई तोंडावर आहे, त्याला तीस कार्डं हवी होती. त्याला आत बोलावून हळूच म्हटलं, “ये घर का रेट है, सिर्फ आपके लिए. किसी को बताइएगा नहीं.” गडी खूश झाला. त्याच्यानंतर आलेल्या दोघांनाही तोच भाव लावला, पण ते त्याला कुठे माहीत.

अर्ध्या तासाने बघते तर गौरांग समोरच्या दुकानात माझी पिशवी घेऊन उभा, आणि झिपऱ्याला तोच भाव दाखवतोय.

११ फेब्रुवारी

श्रीपाद आले. वरण-भात, भरली वांगी. या वेळी तीन तास लागले पुलापासून. मी विचारलं तर म्हणाले, टायरमध्ये हवा कमी होती.

“वहिनी, आता माघार नका घेऊ. तुमच्यात न त्याच्यात उन्नीस-बीसचा फरक राहिला. अजून दोनशे पीस उचला, अजून थोडा भाव पाडा. होळीपर्यंत तो शटर पाडते, माझा शब्द आहे.”

दोनशे उचलले. मी विचारलं, इतका पाडल्यावर मला काय उरणार? म्हणाले, बोर्ड उरेल. पटलं. श्रीपाद नसते तर या गावात माझी बाजू घेणारं कोण होतं?

२१ फेब्रुवारी

विक्री दुप्पट झाली आणि हातात काही नाही. दिवसभर कार्डं देते, संध्याकाळी पाठ दुखते, आणि जे सुटतं त्यात दुकानाची वीज निघाली तरी खूप. रात्री झोप लागत नाही, खरं तेच लिहायचं तर भीती वाटते. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला दुकान उघडायचा कंटाळा आला.

विष्णुपंतांवर ओरडले, तुम्हीच माझा भाव बाहेर फोडत असाल म्हणून. ते म्हणाले, “मला तुझा भाव माहीत कुठे आहे? तू मला कधी सांगितलास?” हेही खरं आहे.

पण हरणार नाही. आज पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दारात लावलं, ‘सदर में सबसे कम दाम, २१ साल से यहीं, आगे भी यहीं.’ शेवटच्या तीन शब्दांखाली लाल रेघ मारली.

१ मार्च

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

सकाळी श्रीपादांच्या सांगण्यावरून अजून दहा उतरवले. अकराला समोर बारा उतरले. मी उठले, रस्ता ओलांडला आणि सरळ झिपऱ्याच्या दुकानात शिरले. त्याचं कपाट डोळ्यांनी बघायचं होतं. तो उभा राहिला, म्हणाला, “आइए आंटी, बैठिए.” मी बसले नाही. तेवढ्यात फोन वाजला. श्रीपाद. उचलला आणि नेहमीप्रमाणे स्पीकरवर, त्याच्या तोंडासमोर मराठीत सुरू झाले.

“त्याच्याच दुकानात उभी आहे. समोरच आहे ठोंब्या, याला काही कळत नाही, बोला तुम्ही.”

श्रीपाद हसले. “मग पाहून घ्या न त्याचा माल. वहिनी, अजून दहा पाडा. दिल्लीवाल्याने त्याचा माल अडवून ठेवला आहे, मला पक्की खबर आहे. होळीपर्यंत तो संपला समजा.”

मी फोन ठेवला. झिपऱ्याचा चेहरा उतरला होता. तो हळूहळू, शब्द शोधत म्हणाला, “काकू, मला समजते. बोलता नाही येत नीट. पण समजते सगळं.”

“तू कुठे शिकलास मराठी?” मी विचारलं.

“आजी बोलायची न घरी. भानुमती आजी. आमचे लोक नागपूरच्या भोसल्यांच्या वेळेपासून इथंच आहेत. आई-बाबा हिंदीच बोलतात, तर माझं पण... मैं जवाब हिंदी में देता था, आजी मराठीत रागवायची.” मग त्याने आपला फोन माझ्यापुढे धरला. “मी दिल्लीवरून काहीच नाही आणत. हे पाहा.”

श्रीपादांचा निरोप होता. आज सकाळचा, दहा वाजून दोन मिनिटांचा. ‘दस रुपये और गिराओ. आंटी का दम फूल रहा है, होली तक शटर गिरा देगी. बोर्ड तुम्हारा. ये घर का रेट है, किसी को बताना मत.’ खाली आकडा होता. माझाच आकडा. रुपयाचाही फरक नाही.

सहा महिने मी या मुलाला त्याच्या तोंडावर झिपऱ्या, ठोंब्या, मोडक्या वडीच्या लायकीचा म्हणत आले. तशीच घरी आले. दुपारी दुकान उघडलं नाही.

४ मार्च

दोन दिवस लिहिलं नाही. पहिला दिवस मी स्वतःला समजावण्यात घालवला की हा निरोप खोटा आहे, आजकाल फोनवर काहीही बनवता येतं. चौदा वर्षं ज्याला वाढलं त्याच्याबद्दल असं कसं मानायचं? दुसऱ्या दिवशी विष्णुपंतांनी लॉट नंबरांचा कागद माझ्यासमोर ठेवला. डावीकडे माझे, उजवीकडे त्याचे, एकाआड एक, जानेवारीपासून. शिवाय तारखा. अडीच तासांचे, तीन तासांचे दिवस.

“गर्दी नव्हती, हवाही कमी नव्हती,” ते म्हणाले. “आधी तिकडं माल उतरवून, तिकडं नाश्ता करून मग इकडं जेवायला येत होता तो.”

मला फसवल्याचा राग आहेच. पण जास्त राग याचा की मी पोळ्या दोनदा गरम केल्या.

५ मार्च

सकाळी सरळ समोर गेले. म्हटलं, “अनुपम, मी तुला बरंच काही बोलले आहे.”

“हो काकू.”

“तू ऐकलंस सगळं?”

“मोडकी वडी पण.” आणि हसला. आता कळतं ते हसू कशाचं होतं. मी माफी मागितली. आयुष्यात फार कमी वेळा मागितली आहे, त्यामुळे जमली नाही नीट, पण त्याने चालवून घेतली.

खात्री करायची होती, एकदाच. त्याने माझ्यासमोर श्रीपादांना फोन लावला, स्पीकरवर. मी गप्प बसले. श्रीपाद हिंदीत म्हणाले, “अरे अनुपम, वो मैडम तो अप्रैल देखेगी नहीं. खाना अच्छा बनाती है, धंधा उसके बस का नहीं.”

मी फोन हिसकावला नाही. ओरडले नाही. डॉक्टरांना अभिमान वाटला असता. एवढंच ठरवलं की हा माणूस आता मला एप्रिलही दाखवणार नाही आणि मेही. ते माझं मी बघेन.

९ मार्च

इंदूरला एक मोठी ठोक व्यापारी बाई आहे, अमिता नावाची. दुसऱ्या चांगल्या कंपनीचा माल ठेवते. फोन केला, म्हटलं आमच्यासाठी खास भाव काय. ती कोरडेपणाने म्हणाली, “मैडम, खास कुछ नहीं है. रेट लिस्ट छपी है, दीवार पर टँगी है. सबके लिए वही. हज़ार पीस से कम नहीं देती.”

श्रीपादांच्या ‘घरच्या’ भावापेक्षा तीस रुपये कमी. आणि तिने मला वहिनी म्हटलं नाही, कुकर लावायला सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर इतकं हलकं वाटलं.

हजार पीस माझ्या एकटीच्या आवाक्यातले नाहीत. अनुपमच्याही नाहीत. दोघांचे मिळून आहेत. संध्याकाळी तो घरी आला, विष्णुपंतांनी त्याला विचारल्याशिवायच चहात कमी साखर टाकली. म्हटलं, तुम्हाला कसं माहीत? म्हणाले, अंदाज.

ठरलं ते असं. खरेदी एकत्र. विष्णुपंत मालाची तपासणी करणार, प्रत्येक डब्यातली दहा कार्डं पूर्ण भरून, पुन्हा वाचून. विक्री ज्याची त्याची. विष्णुपंत म्हणाले, विक्रीचा भावही एकच ठेवा, भांडण नको. मी आणि अनुपम एकदमच नाही म्हणालो.

२२ मार्च

हे लिहिताना लाज वाटतेय, पण डॉक्टरांनी खरं लिहायला सांगितलं आहे.

श्रीपादांचा फोन आला. “वहिनी, बधाई. कंपनीने तुमचं नाव पक्कं केलं. बोर्ड घेऊन २९ला येतो. त्या पोराचा माल एक तारखेपासून बंद.”

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. फोन ठेवून दुकानाच्या दाराकडे बघितलं आणि डोळ्यांपुढे तो बोर्ड आला. निळा, दिव्यांचा, वर माझं नाव. हमी कंपनीची, कार्ड बिघडलं तर बदलून देणार कंपनी. इंदूरच्या मालाला बिघाड निघाला तर बदलून देणार मी, माझ्या कपाटातून. समोरचं दुकान बंद पडलं तर सदरमध्ये मी एकटी. हेच तर हवं होतं मला जानेवारीत. अनुपम माझा कोण लागतो? सात महिन्यांपूर्वी त्याचं नावही माहीत नव्हतं.

तासभर असाच विचार केला. मग वाटलं, आज हा माणूस माझ्यासाठी अनुपमला बुडवतोय, उद्या दुसऱ्या कुणासाठी मला बुडवेल. त्याच्या हातून बोर्ड लावून घ्यायचा म्हणजे दर महिन्याला पुलावरून येणाऱ्या फोनची वाट बघत बसायचं, आणि आज कुठे जेवून आलात, असं मनात विचारत वाढायचं. नको.

अनुपमला फोन करून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काकू, मला पण काल तेच सांगितलं. बोर्ड २९ला, माझ्याकडे.”

मी विचारलं, मग तू काल का नाही सांगितलंस? म्हणाला, “विचार करून राहिलो होतो.”

रागावणार होते. पण कोणत्या तोंडाने?

२९ मार्च

पूल ओलांडल्याचा फोन आला. कुकर लावला. या वेळी पंचवीस मिनिटांत घरी पोचले, कारण समोरचं दुकान बंद होतं. अनुपम आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसला होता.

त्याला बघून श्रीपाद दारातच थांबले. मी म्हटलं, “या ना, तुमची ओळख जुनीच आहे. हातपाय धुवा.” माणूस धीराचा, हे मानलं पाहिजे. आले, बसले. मी दोघांना एकसारखं वाढलं. वरण, बटाट्याची भाजी, पोळ्या. एकदाच गरम केलेल्या.

अर्धी पोळी झाल्यावर म्हटलं, “श्रीपाद, आता एकदाच भाव सांगा, दोघांना ऐकू येईल असा. मराठीत सांगा, त्याला समजतं.”

ते हसले. “वहिनी, तुमच्याशी घरचे संबंध आहेत...”

“घरचा नको. घरचा आम्ही दोघांनी सात महिने घेतला. आता बाहेरच्याला द्याल तो सांगा.” इंदूरच्या अमिताची यादी मी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

त्यांनी ती वाचली. घास चावत थोडा वेळ हिशोब करत राहिले. मग आकडा सांगितला. आमच्या घरच्या भावापेक्षा सत्तर रुपयांनी कमी. इंदूरपेक्षाही चाळीसने कमी.

अनुपमचा हात ताटातच थांबला. माझाही थांबला, खोटं कशाला बोलू. चाळीस रुपये, हजार पिसांवर. विष्णुपंत माझ्याकडे बघत होते. मग अनुपम तोडक्या मराठीत म्हणाला, “हा भाव सात महिने कुठं होता, काका?”

“धंद्यात असं चालते बेटा. दोघं मिळून घ्या, मला काय. बोर्ड पण आणला आहे गाडीत. एकाचं नाव टाकून देऊ.”

“कुणाचं?” मी विचारलं.

श्रीपादांनी माझ्याकडे पाहिलं, मग अनुपमकडे पाहिलं.

“बोर्ड गाडीतच राहू द्या,” मी म्हटलं. “नव्वद कमी केले तरी आता तुमच्याकडून घेणार नाही. दीवार पर टँगी हुई लिस्ट बरी. ताक घ्या, नागपूरपर्यंत ऊन आहे.”

त्यांनी ताक घेतलं नाही. चप्पल घालताना म्हणाले, “वहिनी, पस्तावाल. कंपनीचा माल या शहरात माझ्याशिवाय येत नाही.” म्हटलं, मग कंपनीशिवाय राहू. गाडी गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. चौदा वर्षं. रडू आलं, आणि ते त्या माणसासाठी होतं की माझ्या मूर्खपणासाठी, ते मला अजूनही सांगता येत नाही. दोघं बाहेर ताटं उचलत होते.

२ एप्रिल

बोर्ड तिसऱ्याच दुकानाला लागला, स्टेशनकडच्या. विष्णुपंत बघून आले. म्हणाले, मालक फार खूश आहे, सांगत होता की त्याला कुणाला मिळत नाही असा खास भाव मिळालाय.

माझी जुन्या कंपनीची कार्डं संपत आली. गौरांगने विचारलं, इंदूरहून येणाऱ्या नव्या कार्डांची हमी कोणाची? म्हटलं, मेरी. कार्ड बिगड़ा तो मेरे पास लाइए, मैं यहीं बैठी हूँ. त्याने बराच विचार केला आणि दोनच सांगून ठेवली. तीस घेणारा माणूस. ठीक आहे, दोन तर दोन.

७ एप्रिल

इंदूरचा माल परवा आला. आमच्या बैठकीत खोकी उघडली. विष्णुपंतांनी दोन दिवस तपासणी केली, चष्मा नाकावर, शेजारी वही, फॅक्टरीत असल्यासारखे कुणाशी बोलेनात. सोळा डब्यांतली एकशे साठ कार्डं भरली, वाचली. तीन नापास. ती बाजूला काढली. त्याच डब्यांतली उरलेली सगळी कार्डंही तपासली, ती पास. बाकीचा माल मी आणि अनुपमने अर्धा-अर्धा वाटला. त्याने एक डबा जास्त उचलला होता. मी परत घेतला.

आज सकाळी दुकान उघडलं. आता दोघांची खरेदी एकच, कंपनी एक, लॉट नंबरही तेच. मी माझा भाव खडूने पाटीवर लिहिला आणि पाटी दारात ठेवली. त्याच्यापेक्षा चार रुपये कमी.

साडेदहाला अनुपम रस्ता ओलांडून आला. पाटी वाचली. पुन्हा वाचली.

“काकू, हे काहून?”

“तुला पाडायला,” मी म्हटलं.

तो मान हलवून परत गेला. पावणेअकराला समोरची पाटी बदलली. माझ्यापेक्षा दोन रुपयांनी कमी. मी खडू घेतला.